प्रतिज्ञेतली मोकळी जागा

फुजैरा,
१५ जानेवारी २००४

ती. नागेशभाऊजींच्या चरणी,

दत्तारामाचा साष्टांग नमस्कार (त्या आठ अंगांपैकी दोन गुडघे सध्या इथल्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत, तेवढे वजा धरावेत). आपला दमा, आपली म्हैस आणि आपला राग, तिन्ही आटोक्यात असतील असं समजून चालतो. अक्काला सांगावं की तिनं पाठवलेलं कुळथाचं पीठ पोचलं. सूनबाईंनी, म्हणजे विनितानं, ते 'हाय प्रोटीन' म्हणून फळीवर इतकं वर ठेवलं आहे की तिथे माझा हात पोचत नाही. बाकी माझं बरं चाललं आहे. कविता ऐकून घेणारं घरात कोणी नाही एवढंच एक दुखणं, आणि सुजीतच्या कंपनीच्या विम्यात ते बसत नाही.

आपण फुजैरा पाहिलेलं नाही. दुबई म्हटलं की लोकांना जे उंच उंच आठवतं ते हे नव्हे. हे त्या घराचं मागचं दार आहे. पुढे समुद्र, पाठीशी डोंगर, आणि डोंगर असे की अंगावर गवताची काडी नाही, भाजून काढलेल्या मडक्यांसारखे नुसते एकावर एक रचलेले. तिन्हीसांजेला समुद्रात तेलाची जहाजं दिवे लावून आपल्या पाळीची वाट बघत ओळीनं उभी राहतात. सुजीत तिथल्याच तेलाच्या टर्मिनलवर आहे. मी गॅलरीत बसून त्या जहाजांकडे बघतो. उभी हयात कोकणातल्या हायस्कुलात मराठी शिकवलेल्या माणसाला कोणीही ओळीत उभं राहिलेलं दिसलं की तोंडात चालीवरची कविता येते, त्याला मी काय करू? तर मी म्हणतो. जहाजं ऐकतात. निदान मध्येच उठून जात नाहीत. (तेल भरून झालं की जातात, पण तो त्यांचा धंदा आहे.) पण हे पत्र कवितेबद्दल नाही, प्रतिज्ञेबद्दल आहे. आपण हसाल. हसावं म्हणूनच लिहितो आहे.

आमची ओवी (सुजीतची मुलगी, आता पाचवीत, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि बोलणं झालं असं दोघंही मानतो) इथल्या भारतीय शाळेत जाते. शाळेत रोज सकाळी मैदानावर प्रतिज्ञा होते. आपल्याकडे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेली असते तीच, इथे इंग्रजीत. ओवीचा आवाज खणखणीत, त्यामुळे ती मंचावर उभी राहून एकेक ओळ सांगते आणि सगळी शाळा तिच्यामागून म्हणते. आता प्रिन्सिपल एलियम्माबाई (कोट्टायमच्या, अत्यंत सज्जन, छत्री घेतल्याशिवाय वाळवंटातही बाहेर न पडणाऱ्या) यांनी फार पूर्वी कधीतरी या प्रतिज्ञेच्या आधी आपल्या श्रद्धेनं एक शेपूट जोडलं होतं, 'परमेश्वराला साक्षी ठेवून'. शेपूट पुढे कसं, असं विचारू नये. पोरं ते वाक्य नाक ओढावं तसं ओढून पुढे जात. कोणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते सुरेशरावांचं. हे पुण्याचे, पाण्याच्या प्लांटवर इंजिनिअर, बुद्धिवादी, आणि शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे वाचायला भरपूर वेळ असणारे. त्यांनी मुलाचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, प्रतिज्ञेत देव नाहीच मुळी, मग इथे कोणी घुसवला? देशाशी बोलताना मध्ये तिसरा माणूस कशाला? हे ऐकून सोन्याच्या दुकानाचे मालक गुणवंतभाई खवळले. देव काढलात तर मी माझ्या दोन्ही मुली काढतो, म्हणाले. आणि ठेवायचाच तर मोघम नको, कोणता ते नावानिशी म्हणा. नावानिशी म्हटल्यावर काय होणार ते आपण जाणताच. चार धर्मांचे पालक, त्यांची नावं, त्या नावांचा क्रम, आणि आधी कोण या प्रश्नावर शाळेच्या बसमध्ये सहावीतल्या पोरांची मारामारी. एका घरून चिठ्ठी आली की आमचा देव निराकार आहे, तरी त्याला रांगेत उभं करू नये.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष खैरुद्दीनशेठ. हे आपल्या वेंगुर्ल्याकडचे; इथे जहाजांना भाजीपाला आणि मटण पुरवतात आणि माझ्याशी चोरून मालवणीत बोलतात (घरी बायकोला आवडत नाही, ती हैदराबादची). त्यांनी गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीत मीटिंग लावली आणि वडीलधारा म्हणून मलाही बोलावलं. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, उझुन्नुवडे (म्हणजे केरळचे मेदूवडे) संपले, देव संपेना. सुरेशराव राज्यघटना वाचून दाखवत होते, गुणवंतभाई डोळे मिटून जप करत होते आणि एलियम्माबाई छत्री मिटत-उघडत होत्या. शेवटी शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेली माणसां. सोडवा एकदाचा."

आणि भाऊजी, माझ्या अंगात मास्तर आला. मी उठलो. म्हणालो, कवितेत यती नावाची एक गोष्ट असते. शार्दूलविक्रीडितात बारा अक्षरं झाली की क्षणभर थांबायचं असतं. तिथे कवी काही लिहीत नाही, म्हणणारा काही म्हणत नाही, आणि तरीही ओळीचा सगळा तोल त्या रिकाम्या जागेवर असतो. तुम्हीही तसंच करा. 'अमुक याला साक्षी ठेवून' यातला अमुक काढून टाका आणि तिथे थांबा. ज्याला ज्याचं नाव घ्यायचं त्यानं मनात घ्यावं. ज्याला कोणाचंच घ्यायचं नाही त्यानं श्वास घ्यावा. असं मी म्हटलं, आणि टाळ्या पडल्या! गुणवंतभाईंनी मला मिठी मारली. सुरेशरावांनी 'लॉजिकल' म्हणून हात मिळवला. निवृत्तीनंतर एवढं कौतुक माझ्या वाट्याला आलं नव्हतं. घरी येताना मी चक्क शीळ घालत होतो.

दुसऱ्या आठवड्यात यती सुरू झाला. मी मुद्दाम ओवीबरोबर गेलो आणि फाटकाशी उभा राहिलो. हिवाळ्यातलं पांढरं ऊन होतं, वारा नव्हता, झेंडा काठीला चिकटून खाली लोंबत होता. ओवी माइकपाशी आली. "विथ..." म्हणाली आणि थांबली. सगळी शाळा थांबली. एवढी पोरं एका जागी असून एकही खोकलं नाही. डोंगरसुद्धा कान देऊन उभे आहेत असं मला वाटलं (हे मी कवी म्हणून लिहीत नाही, तसं खरंच वाटलं). आणि त्या थांबण्यात, रांगांच्या मागून, डोंगराकडच्या भिंतीपाशी, कोणीतरी म्हणालं:

"व्हय."

पुरुषाचा आवाज. जाडा, विडी ओढणाऱ्याचा, नुकताच झोपेतून उठवल्यासारखा. ओवी पुढची ओळ म्हणाली, शाळा पुढची ओळ म्हणाली, राष्ट्रगीत झालं, रांगा वर्गात गेल्या. पोरांना वाटलं शिक्षक बोलले, शिक्षकांना वाटलं शिपाई बोलला. शिपाई बंगाली, तो बिचारा मलाच विचारायला आला की बाबूजी, आप कुछ बोले? मी काही बोललो नव्हतो. भिंतीपाशी कोणी नव्हतं. वाळूवर पाऊल नव्हतं.

भाऊजी, आपल्याला मी काय सांगणार? गावच्या देवळात गाऱ्हाणं आपण घालता. आपण एकेक वाक्य बोलता आणि गाव त्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतो, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. अक्काचं लग्न होऊन आपण आमच्या घरी येऊ लागलात तेव्हा तिन्हीसांजेच्या पडवीत आपणच मला समजावलं होतंत की राखणदाराला हाक मारायची तर नावानं मारावी. हाक मोकळी सोडली तर जो जवळ असेल तो 'ओ' देतो. आला की त्याला काम सांगावं लागतं, आणि सांगितलेलं काम मागे घेता येत नाही; फार तर बदलून देता येतं. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं एका अख्ख्या शाळेला, रोज सकाळी, लाउडस्पीकरवरून, मोकळी हाक मारायला लावली. आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग पुन्हा मीटिंग. या मीटिंगची मौज आपण पाहायला हवी होतीत. जे सगळे त्या मोकळ्या जागेवर आपापला हक्क सांगत होते ते आता, आमचा नाही हो, आमचा नाही, असं म्हणू लागले. गुणवंतभाई म्हणाले, "मास्टरजी, अपना भगवान ऐसे नहीं बोलता. अपना तो मंदिर में बैठता है, स्कूल में क्या करेगा?" एलियम्माबाई छातीवर क्रूस काढून म्हणाल्या की आमच्या चर्चमध्ये कोणी आधी कळवल्याशिवाय येत नाही. निराकारवाल्यांनी तर, आमच्याला आवाज असणंच शक्य नाही, असं लेखी दिलं. सुरेशराव म्हणाले, प्रतिध्वनी आहे. मी म्हटलं, सुरेशराव, प्रतिध्वनीला आधी ध्वनी लागतो. तिथे तर पोरं गप्प असतात. मग ते म्हणाले, माइकचा फॉल्ट. माइक काढला. त्या दिवशी 'व्हय' जास्त स्वच्छ ऐकू आलं.

खैरुद्दीनशेठ मात्र पहिल्यांदा ऐकायला आले तेव्हा उन्हात उभे राहून पांढरे पडले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, हो आवाज आपल्याकडचो."

मी म्हटलं, "शेठ, आपल्याकडचा इथे कसा येईल?"

"जहाजातना कोण कोण येता," ते म्हणाले. "व्हिसा फकस्त माणसांक लागता."

मग कमिटीनं एकमतानं (शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच) ठरवलं की जागा बुजवून टाकायची. शेपूट काढलं, यती काढला, पुस्तकात छापलंय तेवढंच म्हणायचं. सुरेशराव जिंकले, पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी ओवी मंचावर आली, पहिली ओळ म्हणण्याआधी तिनं श्वास घेतला, तिच्याबरोबर सगळ्या शाळेनं श्वास घेतला. पोरं श्वास तर घेणारच, भाऊजी! आणि त्या एवढ्याशा फटीत, भिंतीपाशी नव्हे, आता मंचाच्या पायरीपाशी, "व्हय."

आता शाळेला त्याची सवय झाली आहे. माणसाला कशाचीही सवय होते. बालवाडीतली पोरं तर त्यानं उशीर केला की वळून बघतात. वाळूचं वादळ आलं तेव्हा सगळं गाव पिवळं झालं आणि शाळेच्या आवारात कण पडला नाही. एलियम्माबाईंनी त्याचं श्रेय नव्या भिंतीला दिलं. भिंत माझ्या छातीएवढी आहे.

पण एके दिवशी जेवताना विनिता म्हणाली, "ओवी, भाजी फिनिश कर," आणि आमची ओवी मान वर न करता म्हणाली, "व्हय."

सुजीतला आनंद झाला. म्हणाला, बाबा, तुमची मेहनत फळाला आली, पोरगी मराठी बोलली! ती जेवून उठली तशी मीही उठलो. तिच्या खोलीत जाऊन मी विचारलं, हे कुठे शिकलीस बाळा? ती चित्र रंगवत होती. "ही सेज इट, आजोबा," ती म्हणाली. "ही इज नाइस. ही जस्ट कीप्स आस्किंग व्हॉट इज द वर्क."

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? तिनं खडू खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा उचलला.  मी खोदून विचारलं नाही.

आता खरी हकीकत. सुजीतला दुबईत मोठी नोकरी मिळाली आहे. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं आहे. इथला राजीनामा मंजूर झाला, हा फ्लॅट महिनाअखेर कंपनीला परत, तिथल्या अल बर्शा भागात नव्या इमारतीत घर बघून ठेवलं. घर कसलं, मॉलच्या बाजूला टाकलेलं कपाट. पण विनिता खूश आहे. ओवी तेवढी खूश नव्हती. इथे तिच्या मैत्रिणी आहेत, इथे ती मंचावर उभी राहते. खूप रडली. मग एकाएकी रडायची थांबली, आणि आम्हाला वाटलं, समजूत पटली.

गेल्या शुक्रवारी आम्ही चौघं ते घर पाहायला निघालो. नेहमीचा रस्ता एकच: डोंगरातून वर चढायचं, मसाफी गाव गाठायचं, पलीकडे वाळवंटात उतरायचं. फाटा नाही, वळसा नाही. सुजीत गाडी चालवत होता, विनिता पडद्यांची मापं वाचत होती, मी डोंगरांना चाल लावत होतो. चढ संपला. खिंड आली. आता पलीकडे लाल वाळू दिसणार म्हणून मी पुढे वाकलो, आणि समोर समुद्र दिसला. निळा, सपाट, आणि त्यावर ओळीनं उभी असलेली जहाजं. आम्ही फुजैऱ्यात उतरत होतो. गाडी कुठेही वळली नव्हती, भाऊजी. सूर्य जाताना पाठीशी होता, तो समोर आला होता.

सुजीत म्हणाला, डायव्हर्जन असेल. पुन्हा गेलो. पुन्हा समुद्र. मग उत्तरेकडच्या दिब्ब्याच्या लांबच्या रस्त्यानं गेलो, तिकडून तर समुद्र आधीच दिसू लागला. विनिता म्हणाली, "तुला ड्रायव्हिंग येत नाही असं मी लग्नात म्हटलं होतं." शनिवारी सुजीत एकटा गेला, दुबईला जाऊन, नव्या साहेबाला भेटून, बिर्याणी घेऊन परत आला. काल विनिताला आणि मला घेऊन गेला, व्यवस्थित पोचलो. आज दुपारी ओवीला आणि मला घेऊन निघाला, आणि खिंडीतून परत समुद्र. सुजीतनं नवा नकाशा विकत घेतला आहे. त्याच्या कानशिलावरची शीर मला आता दुरूनही दिसते.

आज परत येताना मागच्या सीटवर ओवी खिडकीतून बघत नव्हती. माझा हात दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि तिचा तळवा ओला होता. जिना चढताना हळूच म्हणाली, "आय टोल्ड हिम, आजोबा. आय सेड डोंट लेट देम टेक मी. दॅट वॉज द वर्क." आणि मग, "आय सेड सॉरी ऑल्सो. मेनी टाइम्स. ही डझ नॉट नो सॉरी."

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. हवा छान आहे, रात्री शाल लागते. मसाफीचं बाटलीतलं पाणी आता मीही पितो. आपल्या म्हशीला नवी दावण केली की नाही ते कळवावं. अक्काला नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, आणि माझ्या बडबडीला हसून विसरावं.

आपला मेहुणा,
दत्ताराम

ता. क. — हसून विसरावं असं वर लिहिलं ते खरं नाही. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण हात धजला नाही. भाऊजी, येत्या सोमवारी देवळात ओवीच्या नावानं गाऱ्हाणं घाला. तिचं पूर्ण नाव ओवी सुजीत, वय दहा. सांगा की पोर अजाण आहे, रागात बोलली, तिला सोडा. हे पत्र शौकत आणतो आहे (शाळेची बस चालवतो, सुट्टीवर निघाला आहे, दापोलीचा, त्याला जेवू घालावं). मला इथून जमेल असं वाटत नाही. मी शुद्ध मराठीचा मास्तर. गाऱ्हाण्याच्या त्या मालवणीत मी शेवटचा कधी बोललो तेही आठवत नाही.

ता. क. २ — शौकतचं जाणं पुढे ढकललं गेलं, म्हणून पत्र माझ्यापाशीच राहिलं. आता सोमवारचं गाऱ्हाणं घालू नये. मीच घातलं.

शुक्रवारी दुपारी शाळा बंद होती. खैरुद्दीनशेठनी फाटकाची किल्ली दिली, स्वतः मात्र गाडीतच काच वर करून बसले. केरळी दुकानातून नारळ घेतला (तीन दिरहॅम, म्हणजे सदतीस रुपये, देवसुद्धा इथे परवडत नाही). मैदानावर कोणी नव्हतं. ऊन इतकं पांढरं होतं की मला माझीच सावली धड दिसत नव्हती. मंचाच्या पायरीशी नारळ ठेवला, टोपी काढली, आणि तोंड उघडलं तर काय सांगू, सगळी भाषा जिभेवर हजर. व्याकरणानं एकदाही अडवलं नाही. म्हटलं, बा राखणदारा, तू जो कोण असशीत तो, तुका बोलावणं माझ्यासून झालां, चेडवाचो दोष नाय. तिणां जां काम सांगल्यान, तां बदलून मागतंय. तिका जावक दी. माका ठेव.

पहिल्यांदाच त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. विचार करत असावा. माझ्या वयाचा नग घेऊन काय करायचं, असंही त्याला वाटलं असेल. मी असतो तर वाटलंच असतं. वारा नव्हता, तरी झेंड्याची दोरी काठीवर टक टक आपटत होती. मग अगदी माझ्या डाव्या कानापाशी, उबदार, तंबाखूच्या वासाचं, "व्हय."

काल सकाळी सुजीत, विनिता आणि ओवी सामानासकट निघाली. मी फ्लॅटच्या चाव्या कंपनीला देऊन आठवड्यानं येणार, असं सांगून मागे राहिलो. दुपारी सुजीतचा फोन आला. "बाबा, पोचलो! एकदम स्मूथ. म्हटलं नव्हतं, डायव्हर्जन होतं?" मी म्हटलं, होय रे, तूच बरोबर होतास. मग जरा वेळ मी गॅलरीत बसून रडलो. आनंदानंच. जहाजांनी पाहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

ता. क. ३ — आता थोडक्यात लिहितो, शौकत खाली हॉर्न वाजवतो आहे. आज मी टॅक्सी करून पाहिली. नुसती खात्री करायला. खिंड ओलांडली आणि समोर समुद्र. पठाण ड्रायव्हरनं गाडी थांबवून माझ्याकडे वळून बराच वेळ पाहिलं, मग मला दारात आणून सोडलं आणि पैसे न घेता गेला. पैसे न घेणारा टॅक्सीवाला या देशात आजवर कोणी पाहिलेला नाही. खैरुद्दीनशेठना मी हे सांगितलं तेव्हा ते यालाच जास्त घाबरले. दुकानावरची एक खोली ते मला देणार आहेत. माझी काळजी करू नये. मला इथे एकटं वाटत नाही. जेवायला बसलो की समोरची खुर्ची जराशी सरकते, एवढंच. त्यालाही आता बरं चाललं असावं. पूर्वीसारखं काम मागत नाही. अक्काला यातलं काही सांगू नये. दत्ताला फुजैऱ्याची हवा मानवली, एवढंच सांगावं.

मघाशी ओवीचा फोन आला होता. नव्या शाळेत अजून तिला कोणी ओळखत नाही, प्रतिज्ञा दुसराच मुलगा सांगतो, आणि तो फार भरभर म्हणतो, मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. मी म्हटलं, चांगलं आहे, फार चांगलं आहे. मग तिनं विचारलं, "व्हेन आर यू कमिंग, आजोबा?" मी म्हटलं, येईन की. ती म्हणाली, "प्रॉमिस?"

पोरीशी खोटं बोलवेना आणि नाही म्हणवेना. समोरची खुर्ची सरकली. तीही उत्तर ऐकायला थांबली होती.

मी म्हटलं, "इन्शाल्ला."